काठाची पट्टी

सुई मोडल्याचा आवाज इतका बारीक होता, की समोर बसलेल्या जाऊबाईंनाही तो ऐकू गेला नाही. धाकटीला मात्र तो कानात नाही, पोटात ऐकू आला.

रजया शिवणारं घर होतं ते. वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत लाकडी चौकट मांडलेली असे, तिच्यावर रजई ताणून बसवलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना तीन बायका: सासूबाई, थोरली सून, आणि चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली ही धाकटी. खाली अस्तर, मध्ये पिंजलेल्या कापसाचा दोन बोटं जाडीचा थर, वर चांगलं कापड. आता रजया यंत्रावर निघतात, आणि तासाभरात घडी होऊन दुकानात जातात. तेव्हा एका रजईला आठ-आठ दिवस लागत. तिघींनी मिळून शिवली तरी कोणता टाका कुणाचा हे ओळखता येऊ नये, अशी सासूबाईंची शिस्त होती.

सुयांचा नियम तर त्याहून कडक. सकाळी पत्र्याच्या डबीतून प्रत्येकीला पाच सुया मिळायच्या, संध्याकाळी पाच परत करायच्या. एखादी मोडलीच तर सगळ्यांनी हात थांबवायचे आणि दोन्ही तुकडे शोधायचे. सापडले की काळ्या कापडावर एकाला एक लावून ठेवायचे, शेजारी एक अख्खी सुई ठेवायची. लांबी जुळली तर पुढचा टाका. नाही जुळली तर रजई उसवायची.

“आपण विकतो त्यात माणूस झोपतं,” सासूबाई म्हणत. “झोपलेल्या माणसाला स्वतःला सांभाळता येत नाही.”

मागच्याच महिन्यात जाऊबाईंची सुई मोडली होती. अर्धी रजई उसवली, दुपार गेली, आणि टोकाचा तुकडा निघाला जाऊबाईंच्याच केसांत. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नसतच, त्या बोलणं बंद करत. चार दिवस जाऊबाईंशी एक शब्द नाही. पाचव्या दिवशी “भाजीत मीठ कमी आहे” एवढं म्हणाल्या, तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडल्या.

हे सगळं धाकटीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून स्वतःच्या हातातली सुई मोडली तेव्हा तिने काय करावं? रजईचा काठ शिवत होती ती. तिथे कापूस जास्त दाटला होता. बोटावरच्या धातूच्या अंगुस्तानाने जोर दिला आणि सुई मध्येच तुटली. नेढ्याकडचा अर्धा भाग दोऱ्याला लोंबत राहिला. टोकाकडचा कुठे गेला ते दिसलं नाही. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्यावर सासूबाईंची पावलं वाजली.

तोंड मिटलं. नेढ्याचा तुकडा खिशात गेला. माहेरून येताना तिने सहा सुया आणल्या होत्या, त्यांतली एक दोऱ्यात ओवली गेली. संध्याकाळी डबीत तिच्या पाच सुया बरोबर भरल्या. सासूबाईंनी बघून मान हलवली आणि डबी बंद केली.

तुकडा जमिनीवर पडला असणार, फळ्यांच्या फटीत गेला असणार, असं तिने स्वतःला पटवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून खोली दोनदा झाडली. गुडघ्यांवर बसून फटींमध्ये हेअरपिन फिरवून पाहिली. निघाली ती धूळ आणि एक जुनं बटण. काठावरून हात फिरवून चाचपलं तर शिवलेल्या भागात काही लागलं नाही. काठाबाहेरची कापसाची पट्टी तेवढी उरली, आणि ती तर आदल्या दिवशीच सासूबाईंनी कातरून टोपलीत टाकली होती.

टोपली. तिथे धाकटीचं मन जाऊन अडकलं ते अडकलंच.

रजईचा काठ सरळ कातरला की कापसाचे तुकडे उरत. ते त्या घरात कधी फेकले गेले नाहीत. कोपऱ्यात एक हातभर उंचीची वेताची टोपली होती, ती भरली की “टोपलीचा दिवस” ठरायचा. त्या दिवशी चौकटीला सुट्टी. लांब पट्ट्या असतील त्यांच्या गुंडाळ्या करून जुन्या पायजम्याच्या पायात भरायच्या, की दाराखालची थंड हवा अडवायला लोड तयार. चौकोनी तुकडे दोन-तीन एकावर एक ठेवून गरम भांडी धरायची फडकी आणि चहा गरम ठेवायला किटलीची टोपडी व्हायची. बोटाएवढे तुकडे पिंजून त्यांतून ससे, बदकं, गुडघ्यांखाली घ्यायच्या उशा. त्याहून बारीक उरेल ते बुटांच्या टोकात, नाहीतर शिवणयंत्राचं तेल पुसायला. जाऊबाई म्हणायच्या, “आपल्या घरात कापूस मरतच नाही. मेला तरी त्याचा ससा होतो.”

सुई मोडल्यापासून अकराव्या दिवशी टोपलीचा दिवस आला. ते अकरा दिवस धाकटीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. टोपली रिकामी करून बघायची संधी तिने तीनदा शोधली. तिन्ही वेळा कुणी ना कुणी खोलीत आलंच. एकदा तर कोपरापर्यंत हात घालून बसली होती, तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, “काय ग, अंडी शोधतेस?”

त्या सकाळी सगळे तुकडे चादरीवर ओतले गेले तेव्हा ती पुढे झाली.

“आई, पिंजायचं सगळं मी करते. तुम्ही दोघी शिवा.”

“एवढं सगळं?” सासूबाई म्हणाल्या.

“करू दे की,” जाऊबाई म्हणाल्या. “माझी नखं वाचतील. चार महिन्यांनी ही आपोआप शहाणी होईल.”

धाकटीने एकेक तुकडा उजेडात धरला, बोटांनी उलगडला, तळहातावर दाबून पाहिला. प्रत्येक वेळी वाटे, आता टोचेल. टोचावं असंही वाटे. एक पिशवी पिंजून झाली, दुसरी झाली. दुपारी सासूबाईंनी तिला खाली चहा ठेवायला पाठवलं. दूध नव्हतं, ते आणायला कोपऱ्यावर जावं लागलं, तिथे रांग होती. ती चहा घेऊन वर आली तेव्हा चादर जवळजवळ रिकामी होती.

तिने तुकड्यांवरून नजर फिरवली. सुई मोडली त्या रजईच्या काठावर सासूबाईंनी कातरताना निळ्या खडूची रेघ ओढली होती. निळी कड असलेली ती रुंद पट्टी सकाळी तिने ढिगात खालच्या बाजूला पाहिली होती. आता ती नव्हती.

“ती निळ्या रेघेची पट्टी होती ना, जाड, ती कुठे गेली?”

“तिची बाळाची उशी केली,” सासूबाई कपात फुंकर घालत म्हणाल्या. “इतका चांगला थर पिंजून वाया कशाला घालवायचा? तीन घड्या घातल्या आणि सरळ खोळीत सरकवला. पिंजलेल्या कापसाच्या गाठी होतात, बाळाच्या डोक्याला घडीच बरी.”

“आणि उशी?”

“वन्सं आल्या होत्या ना तू दुकानात गेलीस तेव्हा,” जाऊबाई म्हणाल्या. “उभ्या उभ्याच आल्या. घेऊन गेल्या. अगं, कप सांभाळ.”

कप धाकटीच्या हातात होता. चहा तिच्या पायावर सांडत होता आणि तिला ते कळत नव्हतं.

नणंदेचं घर तीन गल्ल्या पलीकडे. तिचं बाळ चाळीस दिवसांचं.

त्या संध्याकाळी आणि सगळ्या रात्री धाकटीने एकच हिशेब मनात घोळवला. तुकडा पट्टीत असेलच असं नाही. पण असला तर घडीत असेल, घडी न पिंजता घातलेली, म्हणजे तो जसा होता तसाच, टोकासकट. बाळाचं डोकं किती मऊ असतं ते तिला माहीत होतं. टाळूवरची ती जागा, जी श्वासाबरोबर वरखाली होते, तिने बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हाच पाहिली होती आणि तेव्हाही घाबरली होती. सांगावं का? सांगितलं तर बारा दिवस लपवल्याचं सांगावं लागेल. नाही सांगितलं तर… पुढचं तिला मनातही बोलता येईना.

सकाळी, बाळाला बघून येते असं सांगून ती निघाली. आपण गुपचूप उशी चाचपू, काही लागलं तर शिवण उसवून काढून घेऊ, आणि कुणाला काही कळणार नाही, असं तिने ठरवलं होतं. भ्यालेल्या माणसाचे बेत असेच असतात, त्यात सगळं आपल्या सोयीने घडतं.

बाळ झोपलेलं होतं, आणि उशीवरच होतं.

“हळू,” नणंद दारातच कुजबुजली. “आत्ता डोळा लागलाय त्याचा. कालपासून नुसता किरकिर करतोय. रात्री दोनदा किंचाळून उठला.”

“कशामुळे, वन्सं?” धाकटीने विचारलं.

“मला कळलं असतं तर मी झोपले नसते का? बस ना. उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी?”

ती पाळण्याशेजारच्या स्टुलावर बसली. पांढरी उशी, जेमतेम दोन तळहातांएवढी, सासूबाईंच्या त्या एकसारख्या टाक्यांनी शिवलेली. बाळाचा उजवा गाल तिच्यात रुतलेला. नणंद बोलत होती, दुधाबद्दल, नवऱ्याच्या कामाच्या पाळीबद्दल, शेजारणीच्या सल्ल्यांबद्दल. “ती म्हणते, बाळाला रडू द्यावं, फुप्फुसं मोठी होतात. तिची स्वतःची केवढी झालीत ते गल्लीला माहीत आहे.” धाकटी हसली असावी. तिचं सगळं लक्ष त्या गालाकडे होतं. बाळाने मान हलवली की ती पुढे वाकायची. एकदा त्याने तोंड वाकडं केलं, भुवया गोळा केल्या, आणि ती अर्धी उठली. मग ते पुन्हा सैल पडलं. हे असं अर्धा तास चाललं. घड्याळाच्या काट्याकडे बघायची तिला भीती वाटत होती.

शेवटी नणंद परसात वाळत घातलेली दुपटी काढायला गेली.

धाकटीने बाळाच्या मानेखाली हात घातला आणि त्याला उचललं. ते जागं झालं आणि रडायला लागलं. त्याला एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने तिने उशी दाबली. मऊ. सगळीकडे मऊ. जाड थराच्या तीन घड्या, वरून काय लागणार? खिडकीत नणंदेची कातर होती. ती उचलून तिने उशीच्या शिवणीला टोक लावलं.

“वहिनी.”

नणंद दारात उभी होती, हातात दुपट्यांचा गठ्ठा. तिला जे दिसलं ते असं: रडणारं बाळ एका हातात, उघडी कातर दुसऱ्या हातात, आणि या बाईचा चेहरा कागदासारखा पांढरा.

“कातर खाली ठेव,” नणंद अगदी हळू म्हणाली. “आधी ती खाली ठेव.”

धाकटीने कातर ठेवली. नणंदेने दुपटी तशीच जमिनीवर सोडली आणि बाळ हिसकावून घेतलं. धाकटीला वाटलं होतं, सांगायला खूप शब्द लागतील. तीन वाक्यांत संपलं. सुई मोडली. टोक सापडलं नाही. या उशीत असेल.

नणंदेने बाळाला पलंगावर टाकलं आणि त्याचे कपडे काढायला सुरुवात केली. घाईत नाड्या सुटेनात. डोकं, कान, मान, पाठ. उजव्या कानामागे एक लाल ठिपका होता, तिळाएवढा.

“हा कशाचा?” नणंदेने विचारलं. “हा काल नव्हता. वहिनी, हा कशाचा आहे?”

“मला माहीत नाही.”

“आईला बोलाव. आत्ता. पळ.”

त्या तीन गल्ल्या तिने कशा ओलांडल्या ते तिला पुढे कधी आठवलं नाही. जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या आठवत राहिल्या, कारण त्या चढताना तिला पहिल्यांदा कळलं, की इतके दिवस ज्याची धास्ती घेतली ते सासूबाईंचं गप्प बसणं आता तिच्या खिजगणतीतही नव्हतं. चौकटीशी दोघी बसल्या होत्या. तिने दारातूनच सांगितलं, सगळं, न थांबता. जाऊबाईंचा हात तोंडावर गेला.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, “कोणत्या बाजूचा तुकडा?”

“टोकाकडचा.”

त्यांनी सुयांची डबी आणि काळं कापड घेतलं. “दुसरा तुकडा आण,” म्हणाल्या, आणि चपला न घालताच निघाल्या. सुना मागे धावल्या.

नणंदेच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. सासूबाईंनी उशीची शिवण एकेक टाका करत उसवली. इतक्या घाईतही त्यांनी दोरा ओढून काढला नाही, झटका बसला तर तुकडा खोल जाईल म्हणून. खोळ उलटी करून तपासली. मग पहिली घडी उघडली. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी त्यांच्या बोटांची पेरं कापसावरून फिरत राहिली. काही नाही. दुसरी घडी. काही नाही. बाळ नणंदेच्या खांद्यावर रडून रडून दमलं होतं आणि उचक्या देत होतं.

निळी रेघ होती तिथे, तिसऱ्या घडीच्या खालच्या अंगाला, त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते उचललं. पेरावर रक्ताचा एक थेंब उभा होता.

कापूस बाजूला केल्यावर टोक दिसलं. आडवं नव्हतं. खोळीच्या कापडाला लागेल इतकं थरातून बाहेर आलेलं होतं.

“ही बाजू वर होती का खाली?” सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज कुणी दुसरंच बोलतंय असा होता.

“आज खाली होती,” नणंद म्हणाली. “सकाळी दूध सांडलं म्हणून मी उशी उलटली. काल संध्याकाळी आणि रात्रभर हीच बाजू वर होती.”

सासूबाईंनी काळं कापड पसरलं, दोन्ही तुकडे एकाला एक लावले, शेजारी अख्खी सुई ठेवली. तुकडे दोनदा सरकले. तिसऱ्यांदा जाऊबाईंनी ते लावून दिले. लांबी जुळली.

बाळाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिपका भिंगातून पाहिला. डास चावला असेल किंवा टोचलेलंही असेल, म्हणाले, पण खोल नाही, ताप आला तर लगेच आणा. तीन दिवस चौघी बायकांनी बाळाच्या कपाळाला इतक्या वेळा हात लावला की ते बिचारं हात दिसला तरी तोंड वाकडं करू लागलं. म्हणजे तिघींनी. धाकटीला नणंदेने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ती बाहेर पायरीवर बसायची आणि जाऊबाई आतून येऊन सांगायच्या: नाही, ताप नाही.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी तिला वर बोलावलं. चौकट रिकामी होती. टोपलीच्या दिवशी केलेले दोन लोड, किटलीची टोपडी, ससे, सगळं त्यांनी घराघरांतून परत मागून आणलं होतं आणि उसवून ठेवलं होतं. त्या कापूस पिंजत होत्या. धाकटी समोर बसली आणि तीही पिंजू लागली. बराच वेळ तेवढाच आवाज, कापूस फाटतो तेव्हा होतो तो, जो आवाज म्हणावा की नाही असा.

“बारा दिवस,” सासूबाई म्हणाल्या. “बारा दिवस तू माझ्यासमोर बसून टाके घातलेस.”

“हो.”

“मला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं तुला?”

धाकटीला नाही म्हणता आलं असतं. रीतीला धरून झालं असतं.

“हो, आई,” ती म्हणाली. “तुमची भीती वाटली.”

सासूबाईंचे हात थांबले. त्यांना राग आला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरलेपण होतं, उशीवर बोट थांबलं तेव्हा होतं तसंच.

“मीच ठेवली ती पट्टी,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं, पिंजायची नको. माझ्या नातवासाठी.” मग कापूस पुन्हा हातात घेतला. “उद्यापासून रोज नणंदेकडे जायचं. दार उघडलं नाही तर पायरीवर बसायचं. मी सांगणार नाही तिला काही तुझ्या वतीने.”

“तुम्ही बोलणार का माझ्याशी?”

“बोलतेच आहे ना आत्ता?”

धाकटी रोज गेली. पाच दिवस दार उघडलं नाही. आतून बाळाचा आवाज यायचा, कधी रडण्याचा, कधी नुसता घशातल्या घशात. ती त्यावरून अंदाज बांधायची आणि परत जायची. सहाव्या दिवशी कडी निघाली.

नणंद दार अडवून उभी होती, बाळ मागे पाळण्यात.

“हात दाखव,” ती म्हणाली.

धाकटीने दोन्ही हात पुढे केले. नणंदेने ते उलटेसुलटे करून पाहिले. मग तिच्या दोन्ही खांद्यांवरून, जिथे शिवणाऱ्या बायका ओवलेली सुई टोचून ठेवतात आणि विसरतात, तिथून बोटं फिरवली. गळ्याच्या पट्टीखालून, बाह्यांच्या दुमडीतून, खिशातून. हे करताना ती धाकटीच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. धाकटी हात पसरून, श्वासही जपून घेत उभी राहिली, आपल्याला माहीत नसलेलं काही आता निघेल या भीतीने.

काही निघालं नाही.

“ये,” नणंद म्हणाली. “त्या कोपऱ्यात बस. जवळ नको.”

ती कोपऱ्यात जाऊन बसली.